लाल रकाना

आमच्या वेधशाळेतले उस्ताद शहाता गेले त्याला तीन वर्षं झाली. तिसऱ्या दिवशीच्या बैठकीला मी गेले होते. बायकांच्या खोलीत दाराशी बसले, बिनसाखरेची कॉफी घेतली, आणि त्यांच्या मुलीने "आपण कोण?" म्हणून विचारलं तेव्हा "ऑफिसातली" एवढंच सांगितलं. वेधशाळेतून दुसरं कोणी आलं नव्हतं. आमचे संचालक डॉक्टर बहरावी त्या आठवड्यात परदेशातल्या कुठल्याशा परिषदेत वेळेच्या अचूक नोंदींवर भाषण ठोकत होते. वर्तमानपत्रात त्यांचा फोटोही आला होता.

मी त्या वेधशाळेत बावीस वर्षं टायपिस्ट होते. फय्यूमच्या रस्त्यावर, वस्ती संपते त्याच्याही पुढे, एका उघड्याबोडक्या टेकडीवर आमचा घुमट आणि त्याच्या पायथ्याशी पाच खोल्यांचं ऑफिस. गीझाच्या चौकातून सकाळी सातला बस निघायची. ती चुकली की दिवस गेला. माझ्या टेबलावर दोन यंत्रं होती. उजवीकडे अरबी, डावीकडे इंग्रजी. अरबीवर रजेचे अर्ज, खुलासे आणि चौकशीचे अहवाल, इंग्रजीवर शास्त्र. खोटं फक्त उजव्या यंत्रावर लिहिलं जातं, असा माझा बरीच वर्षं समज होता.

शहाता माझ्या समोरच्या टेबलावर बसायचे. हुद्दा गणक, श्रेणी तिसरी. शिक्षण शाळेपुरतं. भर उन्हाळ्यातही अंगात लोकरी बंडी, कोपरांना कातड्याची ठिगळं, आणि समोर शाईच्या दोन दौती, एक निळी, एक लाल. माणूस तसा कंटाळवाणा. बस उशिरा आली म्हणून आम्ही कुरकुरलो की ते शांतपणे विचारायचे, "कुठून पाहिलंत? चौकातून की पुलावरून?" चहा गार आहे म्हटलं तरी, "केव्हा ठेवला होता?" चहावाला दरवीश म्हणायचा, या माणसाला जन्नतच्या दारात उभं केलं तरी हा आधी घड्याळ कोणत्या गावचं आहे ते विचारेल.

त्यांचं काम काय, हे मला पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं. वृषभ राशीत ताऱ्यांची एक जोडी आहे. एक तारा दुसऱ्याच्या समोरून जातो तेव्हा जोडीचा उजेड घटतो, पुन्हा वाढतो. सगळ्यात मंद कधी झाली तो क्षण आमचे निरीक्षक टिपून ठेवायचे. मग ती वही शहातांकडे यायची. ते तक्ते उघडायचे, दांडा फिरवायचं गणितयंत्र खडखडवायचे आणि त्या वेळेत कधी काही मिनिटं मिळवायचे, कधी वजा करायचे. मला वाटायचं, निरीक्षकांचं घड्याळ बिघडलेलं असणार आणि हा माणूस ते लपवतोय. एक दिवस मी तसं तोंडावर विचारलंच.

ते हसले नाहीत. माझा नवरा फतही तेव्हा अस्वानला, धरणाच्या वीजघरात होता. हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं, कारण त्याची पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर यायची.

"मादाम इनायत, फतही तुम्हाला पत्र कधी लिहितो?"

"दर शुक्रवारी. नमाजानंतर."

"समजा हिवाळ्यात तुम्ही मिनियाला आईकडे राहिलात आणि उन्हाळ्यात अलेक्झांड्रियाला बहिणीकडे. मिनिया अस्वानच्या जवळ, तिथे पत्र लवकर पोचणार. अलेक्झांड्रियाला दोन दिवस उशिरा. तुम्ही म्हणाल, उन्हाळा आला की हा माणूस आळशी होतो. पण तो शुक्रवारीच लिहितोय. हललात तुम्ही."

पृथ्वी अशीच हलते, ते म्हणाले. सूर्याभोवती फिरताना ती कधी त्या जोडीच्या जवळ येते, तेव्हा उजेडाची बातमी आठ मिनिटं लवकर पोचते. सहा महिन्यांनी लांब जाते, तेव्हा आठ मिनिटं उशिरा. म्हणून सगळ्या वेळा एका जागेवरून मोजायच्या. आपण सूर्यावर बसून पाहत असतो तर तेव्हा किती वाजले असते, ते काढायचं. "नाहीतर आपल्या फिरण्याचा दोष ताऱ्याच्या माथी बसतो," असं ते म्हणाले आणि पुन्हा दांडा फिरवू लागले.

ही पद्धत हिल्मी बे यांनी घालून दिली होती. वेधशाळेचे पहिले संचालक. मी त्यांना फक्त भिंतीवर पाहिलं. त्यांचा नियम असा की नोंदवहीत पाहिलेली वेळ निळ्या शाईने लिहायची, सूर्यावरून सुधारलेली वेळ लाल शाईने. आपली अरबी वही, उजवीकडून डावीकडे लिहायची, त्यामुळे निळा रकाना उजवीकडे, पहिला. लाल त्याच्या डावीकडे. वर मथळा नाही. रंग दिसत असताना मथळे लागतात ते आंधळ्यांना, असं हिल्मी बे म्हणायचे म्हणे. आणि खाडाखोड वर्ज्य. चूक झालीच तर तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, मूळ आकडा खाली वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा आणि शेजारी सही. हिल्मी बे वारले, राजा गेला, सरकारं आली-गेली. शहाता निळ्याशेजारी लाल लिहीत राहिले. पंचावन्न सालापासून बावीस वर्षं. दिवसाच्या पाच दशांश स्थळांपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या आसपास. त्या सगळ्या वह्यांत खाडाखोड सोडा, मारलेली रेघसुद्धा मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकले असते.

आता त्यांच्या मुलाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथेच अडकलं. रिफत नाव. एकुलता एक मुलगा, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला, सक्तीच्या भरतीत होता. त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरात सुएझ कालवा ओलांडून गेला. युद्धामुळे कैरोत दिवे बंद होते, आकाश कधी नव्हे इतकं काळं पडलेलं. आमच्या निरीक्षकांची चंगळ चाललेली. सत्तावीस तारखेला सकाळी अकरा वाजता तार आली. दरवीशने आणून दिली आणि तो तिथेच उभा राहिला. शहातांनी तार वाचली, घडी करून बंडीच्या खिशात ठेवली, आणि ते पान पूर्ण केलं. चार ओळी उरल्या होत्या. मग पेन पुसलं, दौतीची झाकणं लावली आणि म्हणाले, "मी आज लवकर जातो." मी उठून जवळ गेले नाही. काय बोलायचं ते सुचलं नाही म्हणून टाईप करत बसले. हा माझा पहिला गुन्हा, पण त्याची शिक्षा कुठल्या कायद्यात नाही.

डॉक्टर बहरावी शहात्तर साली परदेशातून आठ वर्षांनी परतले आणि वर्षभरात संचालक झाले. उंच, देखणे, सगळ्यांची मुलं नावानिशी लक्षात ठेवणारे. मला म्हणायचे, "मादाम इनायत, तुमची बोटं सोन्याची आहेत, कुलपात ठेवा." मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? त्यांनी आल्या आल्या दोन गोष्टी केल्या. विद्यापीठातल्या मोठ्या संगणकावर वेधशाळेसाठी वेळ मिळवला, आणि ऑफिसात कॉपी काढायचं यंत्र आणलं. ते यंत्र माझ्याच खोलीत ठेवलं. एवढं धूड, पण आवाज म्हणून नाही. कागद आत जायचा, खालून हिरवा उजेड सरकायचा आणि दुसरा कागद बाहेर. दरवीश म्हणाला, मादामच्या खडखडाटानंतर हे म्हणजे नवी सून. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे राहून त्याचं गप्प राहणं ऐकत होतो.

बावीस वर्षांच्या वह्या त्या यंत्रात घालायच्या ठरल्या. तो दिवस मला नीट आठवतो. खोलीत तिघंच होतो: डॉक्टर, शहाता आणि मी. मी पानं उलटत होते. पहिली कॉपी बाहेर आली. तिच्यात निळंही काळं, लालही काळं. शेजारी शेजारी दोन काळे रकाने, वर मथळा नाही.

शहातांनी तो कागद उजेडाकडे धरला. म्हणाले, "डॉक्टर, यात रंग गेला. डावीकडचा रकाना सुधारलेला आहे. संगणकाला सुधारायचं असेल तर उजवीकडचा द्या. नाहीतर दोनदा सुधारलं जाईल."

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उस्ताद, तुम्ही बावीस वर्षं दांडा फिरवलात. आता जरा बसा. माझी मुलं बघून घेतील."

त्यांची मुलं म्हणजे विद्यापीठातले दोन विद्यार्थी. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. संगणकाची भाषा डावीकडून उजवीकडे चालते. त्यांनी डावीकडचा रकाना पहिला धरला आणि पाहिलेली वेळ म्हणून यंत्रात भरला. यंत्राने बिचाऱ्याने आपलं काम केलं. सुधारलेलं पुन्हा सुधारलं.

त्यातून काय निघालं, तर त्या जोडीच्या वेळा डिसेंबरात आठ मिनिटं उशिरा सरकतात, वसंतात पुन्हा मागे येतात, आणि हे दर वर्षी. डॉक्टरांनी निष्कर्ष काढला की या जोडीला तिसरा, न दिसणारा तारा ओढतोय आणि तो तीनशे सदुसष्ट दिवसांत एक फेरी मारतो. तो लेख मी टाईप केला. छापून आला तेव्हा ऑफिसात बसबूसा मिठाईची परात आली, मंत्रालयातून अभिनंदनाचं पत्र आलं, रेडिओवर मुलाखत झाली. इजिप्तने नवा तारा शोधला, असं निवेदक म्हणाला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

शहातांनी लेख जेवणाच्या सुट्टीत वाचला, शब्दकोश शेजारी घेऊन. ताअमियाच्या वड्यांची पुरचुंडी तशीच राहिली. मग ते डॉक्टरांच्या खोलीत गेले. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, "हे वर्ष आहे, डॉक्टर. तिसरा तारा नाही तो. आपणच आहोत."

डॉक्टर म्हणाले, वर्ष तीनशे पासष्टचं असतं, उस्ताद, हे दोन दिवस जास्त आहेत, आणि शास्त्रात दोन दिवस म्हणजे दोन दिवस. मग हसून म्हणाले, "तुम्हाला लाल शाईशिवाय काही दिसेनासं झालंय. डोळे तपासून घ्या." शहाता बाहेर आले, जागेवर बसले आणि गार झालेले वडे दरवीशच्या मांजराला घातले.

आठ महिन्यांनी पोलंडहून पत्र आलं. कोणी म्हातारे खगोलशास्त्रज्ञ होते, जन्मभर हेच करत आलेले. चारच ओळी. तुमच्या तिसऱ्या ताऱ्याची फेरी एका वर्षाची दिसते. सूर्याची दुरुस्ती चुकून दोनदा तर झाली नाही ना, कृपया पाहावं. तेच पत्र त्यांनी मासिकालाही पाठवलं होतं. मासिकाने महिन्याभरात खुलासा मागितला.

त्या दिवशी डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी त्यांनी मला खुलासा टाईप करायला दिला. त्यात लिहिलं होतं की वेधशाळेच्या गणकाने आधीच सुधारलेल्या वेळा कोणतीही खूण न करता पुरवल्या, त्यामुळे पूर्वीचे आकडे बाधित झाले. आता सर्व वेळा मूळ निरीक्षणांवरून विद्यापीठाच्या संगणकावर नव्याने काढल्या आहेत. जोडीच्या वेळा नियमित असून तिसऱ्या ताऱ्याचा पुरावा नाही. सोबत तीनशे बारा वेळांचा तक्ता. मी टाईप केला. "कोणतीही खूण न करता" या शब्दांपाशी माझी बोटं थांबली होती, हे मी लिहू शकते, पण ते खरं नाही. नाही थांबली.

आकड्यांची माझी पद्धत ठरलेली होती. मी टाईप केलेलं मोठ्याने वाचायचं, शहातांनी वहीत बोट ठेवून "बरोबर" म्हणायचं. या तक्त्यासाठी डॉक्टरांनी त्यांना बोलवायचं नाही असं बजावलं होतं. पण तीनशे बारा आकड्यांत एक चुकला तर माझी खैर नव्हती, म्हणून डॉक्टर कैरोला गेलेले पाहून मी शहातांनाच हाक मारली. खुलाशातला मजकूर दाखवला नाही. फक्त आकडे.

मी वाचत गेले, ते लाल रकान्यावर बोट ठेवून "बरोबर, बरोबर" म्हणत गेले. मला तेव्हाही कळलं नाही की ते निळ्यावरून न काढता नुसते लालशी जुळवतायत आणि प्रत्येक आकडा जुळतोय, यात काय आहे. दोनशे काहीव्या ओळीला मी शेवटचे दोन आकडे वाचले, "एकाहत्तर", आणि ते थांबले.

"पुन्हा वाचा."

"एकाहत्तर."

त्यांनी लाल आकड्यावरचं बोट शेजारच्या निळ्यावर नेलं. मग म्हणाले, "हे संगणकाने काढलं असेल तर सतरा यायला हवं. मी काढून पाहिलंय. सतराच येतं. एकाहत्तर माझं आहे."

मी तारीख पाहिली. ऑक्टोबर त्र्याहत्तर. त्या पानाच्या तळाशी चार ओळी होत्या, ही त्यांतली दुसरी.

त्यांनी सांगितलं ते असं. संगणकाची पाळी यायला सहा आठवडे लागतात, मासिकाने महिनाच दिला होता. डॉक्टरांनी नव्याने काहीच काढलं नव्हतं. शहातांचा लाल रकाना जसाच्या तसा उतरवून संगणकाच्या नावावर घातला होता. बावीस वर्षांत शहातांनी उतरवताना आकडे उलटे लिहिले ते एकदाच, तार खिशात असताना. पुढच्या जानेवारीत ती चूक त्यांच्या लक्षात आली. पाऊण मिनिटाचा फरक, कोणाला दिसलाही नसता. रेघ मारून सही करायची एवढंच काम होतं. "पण ते पान मला उघडवेना," ते म्हणाले. "वही कपाटातून काढायचो आणि परत ठेवायचो."

मग मी त्यांना खुलासा दाखवला. आता दाखवला नसता तर मला घास गेला नसता, एवढी लाज तेव्हा होती माझ्यात. त्यांनी "गणकाने" या शब्दावर बोट ठेवलं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्यांना बढती नको होती, समारंभ नको होता. आपल्या नावावर न केलेली चूक राहू नये, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

गणकाची चूक म्हणून परदेशात छापून आल्यावर मंत्रालयाला चौकशी नेमणं भाग पडलं. चौकशीच्या आधी डॉक्टरांनी शहातांना बोलावून समजावलं की नजरचूक झाली असं दोन ओळींत लिहून द्या, नुसती समज देऊन प्रकरण मिटवतो. शहाता म्हणाले, झाली असती तर लिहून दिलं असतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मलाही बोलावलं. चौकशीचा विषयही काढला नाही. फतहीची चौकशी केली. बारा वर्षं म्हणजे फार झाली, म्हणाले. माझे मेहुणे वीज खात्यात आहेत, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? बदलीचा अर्ज माझ्याकडे द्या. मी दुसऱ्या दिवशी अर्ज नेऊन दिला. लेक दहा वर्षांची झाली होती आणि बापाला ईदचा पाहुणा समजत होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. किंवा सांगतही असेन.

चौकशीला तीन माणसं आली. अध्यक्ष मंत्रालयातले, सभ्य, जाडजूड, चहात चार चमचे साखर घेणारे. संचालकांच्या खोलीत बैठक, आणि नोंद घ्यायला कोपऱ्यात मी, अरबी यंत्र घेऊन. शहाता वही घेऊन आले. त्यांनी ती ओळ उघडून दाखवली. निळ्यावरून सतरा कसं येतं ते कागदावर करून दाखवलं. डॉक्टरांचा छापील तक्ता शेजारी ठेवला. म्हणाले, या आकड्यावरून सिद्ध होतं की तक्ता संगणकाचा नाही, माझा आहे. म्हणजे माझा रकाना बरोबर होता, आणि डॉक्टरांना ते ठाऊक होतं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "थांबा, थांबा. सतरा बरोबर आहे आणि तुम्ही एकाहत्तर लिहिलंय. म्हणजे चूक तुमची?"

"ती एक माझी."

"केव्हा लक्षात आली?"

"जानेवारी चौऱ्याहत्तर."

"आणि आता एकोणऐंशी आहे. दुरुस्त का नाही केली?"

शहातांनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही, कोणाकडेच पाहिलं नाही. सांगितलं, की मुलाच्या मृत्यूची तार आली त्या दिवशीचं ते पान आहे. अध्यक्षांनी "अल्लाह त्याच्यावर दया करो" म्हटलं, मनापासून म्हटलं, आणि माझ्याकडे वळले. "लिहा, मादाम. गणकाने नोंदवहीतील चूक जाणूनबुजून पाच वर्षं राहू दिल्याचं कबूल केलं."

मी लिहिलं.

शहाता उभे राहिले. आवाज चढला नव्हता. "एक चूक माझी आहे, ती लिहा. पण मी रकान्याबद्दल सांगितलं होतं. कॉपी काढताना, डॉक्टरांना, समोरासमोर. डावीकडचा सुधारलेला आहे, असं. मादाम इनायत तिथे होत्या."

अध्यक्ष म्हणाले, "मादाम?"

डॉक्टर खिडकीतून घुमटाकडे पाहत होते. त्यांच्या टेबलावर, कागद दाबायच्या काचेखाली, फतहीचा अर्ज होता. मला माझं अक्षर दिसत होतं.

"मला आठवत नाही," मी म्हणाले. "त्या यंत्राचा फार आवाज होता."

हेही नोंदीत गेलं. मीच टाईप केलं.

शहातांना ताशेरा मिळाला, वार्षिक शेऱ्यात "बेजबाबदार" असा शब्द, आणि वह्यांच्या कपाटाची किल्ली काढून घेतली गेली. उरलेले महिने ते टेबलाशी नुसते बसायचे. पुढे कोणी उपयोगी पडेल म्हणून जुने तक्ते स्वच्छ अक्षरात उतरवत होते. माझ्याशी पूर्वीसारखेच बोलायचे, सकाळी सलाम, जाताना सलाम. त्याचाच मला राग यायचा. एकदा दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या आणि हिशेब फिटला असता.

फतही मार्चमध्ये आला. बदलीचा हुकूम घेऊन, दोन पेट्या घेऊन. बारा वर्षं दर शुक्रवारी चार पानं लिहिणारा माणूस घरात तोंड उघडेना. पत्रातला नवरा मला जास्त ओळखीचा होता. आम्ही एकमेकांना नीट वागवलं, एवढंच सांगते.

शहातांच्या शेवटच्या दिवशी समारंभ नव्हता. दुपारी ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, त्र्याहत्तरची वही एकदा बघता येईल का? त्यांना ते पान बघायचं होतं. बहुधा रेघ मारायची होती. खिशाला पेन लावलेलं होतं, आणि ते पान उघडायची हिंमत सहा वर्षांनी आली होती. डॉक्टर बाहेर होते. मी त्यांच्या खणातून किल्ली काढली. एवढं धाडस मी केलं, आणि बराच काळ मला ते मोठं वाटत होतं.

ते पान त्यांनी स्वतः उघडलं. दुसऱ्या ओळीत एकाहत्तर नव्हतं. सातावर गिरवून एक केला होता, एकावर गिरवून सात, लाल बॉलपेनने, इतकं दाबून की मागच्या पानावर उमटलं होतं. रेघ नाही, सही नाही. कोणी केलं ते मला ठाऊक नाही. किल्ली कोणाकडे होती ते सांगितलंच आहे. बॉलपेनची शाई शेजारच्या ओळीवरही फासली होती, त्या दिवशीच्या त्यांच्या अक्षरावर.

शहातांनी त्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता हा माणूस रडेल. त्यांनी वही मिटली, माझ्या हातात दिली.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. दौती दोन्ही बंडीच्या खिशांत घातल्या, दरवीशशी हात मिळवला. मग दारापाशी वळले. "मादाम, त्या यंत्राला आवाज नव्हता. तेच तर आपल्याला आवडलं होतं."

एवढं बोलून ते बस गाठायला टेकडी उतरून गेले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादा आकडा तपासून सांगावा, तसं सांगितलं.

यानंतर ते सतरा वर्षं जगले. घर कुठे आहे ते मला माहीत होतं, इम्बाबाला, दोन बस बदलून. मी गेले नाही. चौकशीचा तो अहवाल अजून मंत्रालयात असेल, माझ्याच यंत्रावर उमटलेला, एकही टायपिंगची चूक नसलेला. पुष्कळदा मनात येतं, म्हणावं, की मला कोणी विचारलंच नाही, विचारलं असतं तर सांगितलं असतं. सगळ्या ऑफिसांतली माणसं असंच म्हणून झोपतात. मला तीही सोय नाही. मला विचारलं होतं.